भट्टीला चुकलेल्या तोफा

ठाणे जिल्ह्यातील आणि एकंदर उत्तर कोकणातील किल्ल्यांवर, चौकांत आणि उद्यानांत आज ज्या जुन्या तोफा दिसतात त्या बहुतेक सर्व लोखंडाच्या आहेत. परंतु एवढ्यावरून या किनाऱ्यावर पूर्वी लोखंडी तोफाच वापरात होत्या असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत पोर्तुगीज आरमारापासून दख्खनच्या शाह्यांपर्यंत सर्वत्र मानाची आणि भरवशाची तोफ म्हणजे कांस्याची तोफ. कांस्य हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू असून तोफेसाठी साधारणपणे नऊ भाग तांब्याला एक भाग कथील असे प्रमाण धरले जाई. लोकव्यवहारात अशा तोफेला सरसकट पंचधातूची तोफ म्हटले जाते, मात्र तिच्यात पाच धातू मोजून घातलेले असतातच असे नाही. या तोफा मग गेल्या कोठे, या प्रश्नाचे उत्तर रणांगणावर सापडत नाही, ते भट्टीत सापडते.

कांस्याच्या तोफेचे गुण आणि तिचा नाश यांचे मूळ एकच आहे. हा धातू लोखंडापेक्षा कमी उष्णतेत वितळतो, साच्यात सुबक उतरतो, खाऱ्या हवेत गंजून पोखरला जात नाही, आणि मुख्य म्हणजे तो चिवट असतो. दारूचा दाब असह्य झाला की कांस्याची नळी बहुधा आधी फुगते किंवा तडकते, तर ओतीव लोखंडाची तोफ कोणतीही पूर्वसूचना न देता फुटून तिच्याभोवतीच्या गोलंदाजांचाच जीव घेते. म्हणून कितीतरी पट महाग असूनही जहाजावर आणि किल्ल्यावर कांस्याला पसंती मिळे. परंतु झिजलेली किंवा तडकलेली कांस्य तोफ म्हणजे पुढच्या तोफेसाठी तयार कच्चा माल असे, आणि युद्धात हाती आलेली शत्रूची तोफ ही रोकड मोजण्याइतकीच निश्चित लूट समजली जाई. तांबट आणि ओतारी यांच्या हाती गेलेल्या तोफेची भांडी झाली, नाणी झाली, नव्या तोफा झाल्या. लोखंडी तोफ मात्र वितळवून पुन्हा ओतण्याचा खटाटोप परवडत नसे, त्यामुळे ती बुरुजावरच पडून राहिली, किंवा नावा बांधण्यासाठी धक्क्यावर उभी पुरली गेली.

या हिशेबाची कल्पना विजापूरच्या मलिक-ए-मैदान या तोफेच्या कथेवरून येते. १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीसाठी मुहम्मद बिन हुसेन रूमी या ओतकाराने घडवलेली ही प्रचंड तोफ सुमारे ५५ टनांची असून तिच्या धातूच्या तपासणीत तांबे सुमारे ८० टक्के आणि कथील सुमारे २० टक्के आढळले, म्हणजे नेहमीच्या तोफेच्या जवळजवळ दुप्पट कथील. १६३२ मध्ये मुरार जगदेव या आदिलशाही सरदाराने ती परांड्याहून विजापूरला नेली, तेव्हा तिच्याबरोबर निघालेली कडकबिजली ही जोडीदार तोफ वाटेत नदीत बुडाली असे सांगितले जाते. पुढे १८५४ साली निरुपयोगी सरकारी जिनसांच्या विक्रीत मलिक-ए-मैदानचाही लिलाव झाला आणि तिच्यावर १५० रुपयांची बोली लागली. लोकांच्या मनात या तोफेला किती मान आहे हे स्थानिक अधिकाऱ्याने वेळीच वर कळवल्यामुळे ती विक्री रद्द झाली. एरवी दख्खनमधील ओतकामाचा हा सर्वोच्च नमुना मोडीच्या भावाने गेला असता. ज्या तोफांची बाजू घेणारा असा कोणी भेटला नाही त्यांची नावेही आज उरलेली नाहीत.

वसईचे उदाहरण याहून जवळचे आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या कांस्य घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरील १७२१ सालची घंटा आणि वाईजवळील मेणवलीची घंटा त्यांपैकीच होत. घंटेला मंदिरात पुन्हा घंटा म्हणूनच काम मिळाले, म्हणून ती टिकली. तोफेला असे दुसरे आयुष्य नव्हते.

त्यामुळे जुनी कांस्य तोफ तिच्या मूळ साजासह पाहायची तर ती भट्टीच्या हाताबाहेर गेलेली असावी लागते, आणि बुडालेले जहाज हे त्याचे सर्वांत मोठे ठिकाण. अर्थात धातूच्या लोभाने माणूस पाण्याखालीही पोहोचलाच. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेल्या वासा या स्वीडिश युद्धनौकेवर ६४ तोफा होत्या. १६६४-६५ मध्ये पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या, आत हवा अडकवलेल्या पिंजऱ्यात उभे राहून, सुमारे ३० मीटर खोलीवर, गार काळोखात लांब काठ्यांना लावलेल्या आकड्यांनी चाचपत त्यांपैकी पन्नासाहून अधिक कांस्य तोफा वर काढल्या. जहाज मात्र १९६१ पर्यंत तसेच राहिले, कारण त्या काळी कोणाला लाकडात रस नव्हता. तेव्हा समुद्रातही कांस्य तोफा उरतात त्या मुख्यतः अशाच ठिकाणी, जेथे जहाज बुडाल्याची नेमकी जागा विस्मृतीत गेली, किंवा लाटा आणि खडक यांमुळे तेथे जाणे अशक्य होते.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या परिसराला या विषयाशी जोडणारी गोष्ट म्हणजे त्यांना वेढणारी खाडी. कर्जतच्या बाजूने येणारी उल्हास नदी कल्याणजवळ खाडीत रूपांतरित होते, डोंबिवली आणि भिवंडी यांच्या मधून ठाण्याच्या उत्तरेला येते आणि तेथे दोन वाटांनी समुद्राकडे जाते. मोठा प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीला मिळतो आणि दुसरा अरुंद मार्ग ठाण्याच्या पूर्वेकडून मुंबई बंदराकडे उतरतो. या दोन वाटांच्या मधली भूमी म्हणजे जुनी साष्टी. खाडीच्या आत, वादळापासून सुरक्षित असलेले कल्याण हे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक खलाशांना ठाऊक असलेले बंदर होते, आणि सहाव्या शतकातील कॉसमस या प्रवाशाने तेथून निर्यात होणाऱ्या मालात कापड आणि शिसवी लाकूड यांच्या जोडीला तांब्याचाही उल्लेख केला आहे. तांब्याचा व्यापार आणि कांस्यकाम यांची परंपरा या पट्ट्यात तोफेपेक्षा हजार-दीड हजार वर्षे जुनी आहे. घाटावर जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखात कांसाकारांच्या, म्हणजे कांस्यकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा निर्देश येतो.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी घेतली आणि कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी नावा बांधण्यास सुरुवात केली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारावरून असे दिसते की या कामावर रुय लैतांव व्हिएगश हा कारागीर, त्याचा मुलगा आणि त्यांच्याबरोबरची सुमारे ३४० माणसे होती, वीसेक नावा तयार होत होत्या, आणि वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने या कारागिरांना गुपचूप फितवून काम सोडायला लावले. पोर्तुगीजांची धास्ती समजण्यासारखी होती. कल्याणहून समुद्रावर जाण्याच्या दोन्ही वाटा त्यांच्या ठाण्यांवरून जात. एका तोंडाशी वसईचा कोट होता आणि दुसऱ्या वाटेवर ठाण्याचे पोर्तुगीज नगर.

या वाटांवर तोफा डागल्या गेल्या त्या पुढच्या शतकात. ठाण्याचा किल्ला, ज्यात आता मध्यवर्ती कारागृह आहे, पोर्तुगीज बांधत असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. तो परत मिळवण्यासाठी १७३८ च्या अखेरीस दों पेद्रु द मेलु हा पोर्तुगीज सेनापती नावांचा काफिला घेऊन खाडीतून चालून आला असता किनाऱ्यावरील मराठी तोफेच्या गोळ्याने ठार झाला आणि हल्ला फसला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मुंबईहून येऊन ठाण्याला वेढा घातला, २८ तारखेला किल्ला घेतला. त्या लढाईत त्यांच्या आरमाराचा प्रमुख वॉटसन मारला गेला, आणि त्याचे कारण असे नोंदले आहे की जवळच जमिनीवर आदळलेल्या गोळ्याने उडवलेली रेती त्याच्या शरीरात घुसली. लोकलच्या खिडकीतून मुंब्रा आणि दिवा यांच्या आसपास दिसणारे गढूळ पाणी हे असे लढाईचे पाणी आहे.

पण खाडीत किंवा समुद्रात एखादी तोफ सापडली म्हणजे तेथे जहाज बुडाले असे लगेच म्हणता येत नाही, हे पाण्याखालील पुरातत्त्वातील पहिले पथ्य आहे. वाळूत रुतलेले गलबत हलके करण्यासाठी खलाशी प्रथम तोफाच पाण्यात ढकलीत. निकामी झालेली तोफ नीरम म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावे यासाठी तळाशी भरलेल्या दगडधोंड्यांबरोबर, नेली जाई. पळ काढणारी फौज तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, खिळा ठोकून ती नदीत लोटून देई. यांतले खरे काय, ते तोफ सांगत नाही, तोफेची जागा सांगते. तोफा दोन समांतर ओळींत पडल्या असतील आणि त्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला असतील तर जहाज तेथेच बसले आणि त्याच्या कुशी कुजून तोफा खाली आल्या असे मानता येते. त्या एकाच ठिकाणी शेपटाला तोंड लावून रचलेल्या असतील तर त्या माल म्हणून नेल्या जात होत्या. एकामागे एक लांब अंतरावर विखुरल्या असतील तर जहाज घसटत, भार टाकत पुढे गेले असावे. म्हणून पाण्याखालील पुरातत्त्वज्ञ तोफेला हात लावण्याआधी तळावर दोरीच्या चौकटी आखतात, प्रत्येक वस्तूचे अंतर व दिशा मोजतात आणि शेकडो छायाचित्रे जोडून जागेचा त्रिमित नकाशा तयार करतात. हे न करता उचललेली तोफ शोभेची वस्तू होते, पुरावा राहत नाही.

याचा नमुना म्हणून गोव्याशी निगडित दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली साक्रामेंतु या पोर्तुगीज गलबताची. फेब्रुवारी १६४७ मध्ये गोव्याहून लिस्बनला निघालेले हे जहाज ३० जून रोजी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, पूर्वी पोर्ट एलिझाबेथ म्हटल्या जाणाऱ्या शहराजवळच्या खडकांवर फुटले. किनाऱ्याला लागलेले लोक मोझांबिककडे पायी निघाले आणि त्यांपैकी अगदी मोजके जिवंत पोहोचले. जहाजावर मानुएल तावारिश बोकार्रु या ओतकाराच्या तोफा होत्या. त्याचे घराणे गोव्यातील सरकारी ओतशाळेचे, वडील पेद्रु दियश बोकार्रु हे तेथील प्रमुख ओतकार. मानुएलने मकावला जाऊन तेथे ओतशाळा चालवली आणि पूर्वेकडच्या तांब्यापासून घडवलेल्या त्याच्या तोफांची कीर्ती एवढी झाली की १६४० मध्ये स्पेनपासून वेगळ्या झालेल्या पोर्तुगालच्या राजालाही त्या हव्या होत्या. १९७७ मध्ये दोन पाणबुड्यांनी या जागेवरून चाळीस कांस्य तोफा वर काढल्या. तीनशे तीस वर्षे फेसाळत्या लाटांखाली राहूनही त्यांवरील राजचिन्हे आणि ओतकाराचे नाव वाचता येत होते. गोव्याच्या ओतशाळेच्या परंपरेतील इतक्या तोफा एका ठिकाणी भारतातही पाहायला मिळत नाहीत, याला कारण तेच. ज्या जमिनीवर राहिल्या त्या वितळल्या. मात्र ही मोहीम बुडीत माल काढण्याची होती, उत्खननाची नव्हती, त्यामुळे तोफा पुष्कळ मिळाल्या आणि जहाजाविषयीचे ज्ञान त्या मानाने थोडे.

दुसरी घटना नेमकी उलट आहे. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची रीफ या खडकाळ भागात, अवघ्या ३ ते ६ मीटर पाण्यात, दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शोध घेतला. तेथे लोखंडी तोफा, नांगर, एका हातबंदुकीची नळी, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबान पद्धतीचे रांजण, काचेच्या बाटल्यांचे तळ, घडीव ग्रॅनाइट दगड, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. डोळे दिपवणारे त्यात काही नाही. तरीही भांड्यांचे आणि हस्तिदंताचे कालमापन करून हे सतराव्या शतकाच्या आरंभीचे पोर्तुगीज जहाज असल्याचे ठरवता आले, आणि पाणघोड्याच्या दातांमुळे आफ्रिकेच्या किनाऱ्याशी असलेला व्यापार हातात धरता येण्याजोगा झाला. ज्ञानाच्या तराजूत हे तुकडे चाळीस तोफांपेक्षा हलके ठरणार नाहीत, हे मत कोणाला अतिशयोक्त वाटले तरी सागरी पुरातत्त्वाचा सारा रोख त्याच दिशेने आहे.

कांस्य तोफ शोधणे हे लोखंडी तोफ शोधण्यापेक्षा अवघड असते. बुडालेल्या जहाजांच्या शोधात सर्वाधिक वापरले जाणारे उपकरण म्हणजे चुंबकत्वमापक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडामुळे पडणारा बारीकसा फरक टिपणारे यंत्र. ते बोटीमागे ओढत नेले जाते आणि चिखलाखाली पुरलेला नांगरही दाखवते. पण कांस्याला चुंबकत्व नाही, त्यामुळे दोन टनांची कांस्य तोफ या यंत्राच्या खालून निघून गेली तरी काटा हलत नाही. तिचा माग तिच्या शेजाऱ्यांवरून काढावा लागतो: लोखंडी गोळे, खिळे, नांगर, तोफगाड्याच्या पट्ट्या. तळावर उघडी पडलेली वस्तू ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटवणाऱ्या साइड स्कॅन सोनारला दिसते, आणि गाळाखालचे थर पाहण्यासाठी त्याहून खालच्या पट्टीचा ध्वनी सोडणारे वेगळे यंत्र असते. ठाण्या-कल्याणच्या खाडीत यांतील प्रत्येक यंत्राची कसोटी लागेल, कारण येथे पाणी उथळ, गाळ खोल आणि तळावर गेल्या दीडशे वर्षांचे पूल, जलवाहिन्या, तारा आणि भंगार यांचे लोखंड पसरलेले आहे. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली, तेव्हापासून हा तळ सतत ढवळला जात आहे.

दृश्यमानता हा शब्द या पाण्यात जवळजवळ निरर्थक आहे. पाणबुड्याला स्वतःचा हातही दिसत नाही आणि सगळे काम स्पर्शाने करावे लागते. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती आणि सुकती यांतील फरक चार मीटरच्या पुढे जातो, आणि एवढे पाणी अरुंद खाडीतून आत-बाहेर करताना जी ओढ निर्माण होते तिच्यात मोजमाप अशक्य होते. म्हणून असे काम भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, आणि त्यातही पाणी वळण्यापूर्वी काही काळ स्थिर असते तेवढ्यात उरकावे लागते. कोळी आणि आगरी समाजातील जाणत्यांना हे गणित पंचांग न उघडता येते, आणि त्यांच्या मदतीशिवाय येथे पाण्याखालील पुरातत्त्व करू पाहणारा संशोधक फार लांब जाणार नाही.

तोफ वर घेण्याची क्रिया ऐकायला सोपी वाटते. कांस्य पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड असल्याने दोन टनांची तोफ पाण्यातही सुमारे पावणेदोन टन भरते, आणि दोन घनमीटर हवा मावणारी मजबूत पिशवी तिला बांधून फुगवली की ती उचलली जाते. खरी अडचण चिखलाची पकड सुटण्याच्या क्षणी येते. तोवर अडलेली तोफ एकदम सुटते, वर जाताना बाहेरचा दाब कमी होत जातो, पिशवीतील हवा प्रसरण पावते आणि वेग वाढतच राहतो. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच हवा दुप्पट जागा व्यापते. म्हणून पिशवीला जादा हवा सोडून देणारी झडप असते, तोफेभोवतीचा गाळ आधी पाण्याच्या झोताने सैल केला जातो, आणि दोर रुंद पट्ट्यांचे वापरून ते नळीच्या दोन्ही बाजूंना बांधले जातात. तोफेच्या पाठीवर उचलण्यासाठीच घडवलेली, बहुधा माशाच्या आकाराची, दोन कडी असतात, पण शतकानुशतके पाण्यात राहिलेल्या कड्यांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नसते.

तोफ पाण्याबाहेर आली की तिच्या नाशाची सुरुवात होऊ शकते, आणि वर्तमानपत्रांतील छायाचित्रे येथेच थांबतात. समुद्रात असताना कांस्यावर फारसे शिंपले चढत नाहीत, कारण तांबे जिवाणूंना व शिंपल्यांना विषारी असते. शेजारी लोखंड असेल तर त्याची झीज आधी होऊन कांस्य सुरक्षित राहते. हवा न पोहोचणाऱ्या गाळात पृष्ठभागावर गंधकाचा काळा थर धरतो पण कोरीवकाम शाबूत असते. मात्र या सर्व काळात खाऱ्या पाण्यातील क्लोराइड धातूच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून तांब्याशी संयोग पावलेले असते. तोफ वाळली आणि तिला दमट हवा लागली की त्या संयुगापासून आम्ल तयार होते, आम्ल नवे तांबे खाते, त्यातून पुन्हा तेच संयुग बनते, आणि पृष्ठभागावर फिकट हिरव्या भुकटीचे फोड उठू लागतात. संवर्धनशास्त्रात याला कांस्यरोग म्हणतात. पावसाळ्यातील कोकणची हवा या रोगाला जितकी मानवते तितकी क्वचितच दुसरी कोणती मानवत असेल. म्हणून समुद्रातून आलेली तोफ घासूनपुसून, तेल लावून महापालिकेच्या प्रवेशद्वारात मांडणे म्हणजे तिला संथपणे मारणे होय.

उपाय दीर्घ आहे पण अवघड नाही. तोफ वर आल्याक्षणापासून ओली ठेवायची, मग सोडियम सेस्क्विकार्बोनेट या सोड्यासारख्या सौम्य क्षाराच्या द्रावणात बुडवून ठेवायची, द्रावणात उतरणाऱ्या क्लोराइडचे प्रमाण ठरावीक काळाने मोजायचे आणि ते उतरणे थांबेपर्यंत द्रावण बदलत राहायचे; मोठ्या तोफेला यासाठी महिने, कधी वर्षे लागतात. नंतर शुद्ध पाण्याने धुऊन, वाळवून, तांब्याशी चिकटून त्याला संरक्षण देणाऱ्या बेंझोट्रायझोल या रसायनाचा हात दिला जातो आणि वर मेणाचा किंवा रोगणाचा पातळ लेप बसतो. नळीतील चिखल याच दरम्यान काढला जातो, आणि तो फेकण्याचा नसतो. अनेक तोफा भरलेल्या अवस्थेत बुडालेल्या असतात. तोंडाशी लाकडी बूच, त्यामागे गोळा, काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा आणि तळाशी दारूचा लगदा असा क्रम जसाच्या तसा मिळतो, आणि गोलंदाजाने शेवटची तयारी लढाईसाठी केली होती की वाटेत चाचांच्या भीतीने, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. लोखंडी गोळ्याबाबत विशेष सावधगिरी लागते. कांस्याच्या संगतीत तो आतून पोखरला जाऊन हलका झालेला असतो आणि एकोणिसाव्या शतकात मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवरून काढलेले असे गोळे हवा लागताच आपोआप तापल्याच्या नोंदी आहेत.

स्वच्छ झालेली तोफ मग वाचता येते. तिच्यावर ओतकाराचे नाव, साल, राजचिन्ह आणि पुष्कळदा वजनही कोरलेले असते. आणि अक्षरे झिजली असली तरी धातू स्वतःच काही सांगतो. तांब्यात मिसळलेल्या शिशाच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे प्रमाण मोजून ते तांबे कोणत्या खाणीतले असावे याचा माग लावता येतो. या किनाऱ्यावर येणारे तांबे किती दूरचे असे, याचे प्रत्यंतर नामिबियाच्या वाळूत २००८ मध्ये मिळाले. १५३३ साली पोर्तुगालहून भारताकडे निघून तेथे फुटलेल्या, बॉम जेझुश मानल्या गेलेल्या जहाजात कांस्य तोफा, हस्तिदंत आणि दोन हजारांहून अधिक सोन्याची नाणी तर होतीच, पण मालाचा मुख्य भाग म्हणजे जर्मनीतील फुगर या सावकारी पेढीचा शिक्का असलेले कित्येक टन तांब्याचे गोळे होते. ते जहाज भारतात पोहोचले असते तर त्या तांब्याची कदाचित तोफच झाली असती, आणि काही दशकांनी तीही भट्टीत गेली असती.

ठाणे-कल्याण परिसरात या सर्वांचा संबंध ज्या व्यवहाराशी येतो तो पुरातत्त्वाचा नसून रेतीचा आहे. खाडीच्या तळातून रेती काढण्याची जुनी रीत हातपाटी-डुबीची: होडी नांगरून डुबी, म्हणजे बुडी मारणारा कामगार, बादली घेऊन तळाशी जातो, ती हाताने भरतो आणि वरचे लोक ती ओढून घेतात. या माणसाच्या हाताला तळावरची वस्तू लागते, तिचा आकार कळतो, आणि एखादी अपरिचित वस्तू कोठे लागली हे तो खुणेने सांगू शकतो. त्याउलट बार्जवर बसवलेला सक्शन पंप गाळ, रेती आणि त्यात जे काही असेल ते एकत्र खेचून घेतो, तळाला खड्डे पडतात, थर कोसळतात आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती याला काही अर्थच उरत नाही. अशा पंपांवर महसूल खात्याचे छापे पडतात, बार्ज जप्त होतात किंवा नष्ट केले जातात, आणि त्यामागे पूल, कांदळवन व पर्यावरण यांचे रक्षण हा हेतू असतो. खाडीच्या तळातील इतिहासाचा विचार त्यात सहसा येत नाही, तरी त्या कारवाईचा लाभ त्यालाही होतो.

कायद्याची चौकट मात्र विखुरलेली आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी तोफ १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाखाली येते, त्यामुळे ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. जहाजाच्या अवशेषांसाठी नौवहन कायद्यात निराळा अधिकारी असतो आणि सापडलेल्या वस्तूची खबर त्याला द्यावी लागते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालील शाखा-विभाग २००१ पासून आहे, परंतु त्याच वर्षी संमत झालेल्या युनेस्कोच्या जलमग्न सांस्कृतिक वारशाविषयीच्या करारात भारत सामील झालेला नाही. आणि जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे, ज्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असा निधी ज्याला सापडेल त्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी वर्दी द्यावयाची असते. रेतीगटांचे लिलावही जिल्हाधिकारीच करतात. तेव्हा डुबीच्या बादलीला एखादी ओतीव नळी लागली तर तिची वर्दी आणि त्या गटाचा परवाना ही दोन्ही कागदपत्रे एकाच कार्यालयात, बहुधा वेगवेगळ्या टेबलांवर, येणार. आणि त्या जागेवरचा उपसा तेवढ्यापुरता थांबवण्याचा अधिकारही त्याच कार्यालयाकडे आहे.